दुर्गाबाईचं दुसरं उत्तर

खोरवाडीच्या दुर्गाबाईला वाटूरच्या बाजारात अनोळखी माणसंही नमस्कार करू लागली, त्याला कारण झाला एक फोटो.

वाडीची शाळा बंद करून मुलांना वाटूरच्या मोठ्या शाळेत न्यायचं ठरत आलंय, अशी कुणकुण लागली होती. एक दिवस पाहणीला दोन साहेब येणार असं कळलं. त्या सकाळी दुर्गाबाईनं घरच्या कोठीचं कुलूप उचललं, शाळेच्या आवारात शिरून फाटकाला आतून ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचून पायरीवर बसली. साहेब बाहेर, ही आत. "मी मेल्यावर या," एवढंच म्हणाली. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. तो जालन्यापर्यंत फिरला आणि साठीला टेकलेली, अंगठा उठवणारी ही बाई एका दिवसात वाडीची पुढारी झाली.

तिचं ते बसणं देखाव्यासाठी नव्हतं. तिचं लहानपण बापाच्या मेंढरांमागं गेलेलं. आज या शिवारात, उद्या त्या. शाळा तिनं रस्त्यावरून जाता जाताच पाहिली होती. लग्न होऊन खोरवाडीत आली तेव्हा इथंही शाळा नव्हती. मेंढरं विकून लोक नुकते शेतीला लागले होते. पुढं तिचा रामप्रसाद पाच वर्षांचा झाला, त्या वर्षी एक गुरुजी सायकलवरून येऊ लागले आणि पहिला वर्ग भरला तो दुर्गाबाईच्या अंगणात, लिंबाखाली. रोज सकाळी पोरं यायच्या आत ती सडा टाकून ठेवायची. दोन खोल्यांची इमारत झाली तेव्हा पाया खणायलाही ती होती. त्याच शाळेत शिकलेला रामप्रसाद आज जालन्याला सळईच्या कारखान्यात मशीन चालवत होता आणि सुट्टीला घरी येत होता. शाळा उठणार म्हटल्यावर ही बाई कुलूप घेऊन धावली, यात नवल नव्हतं.

बिघडलं ते नंतर, आणि बिघडलं तिच्या एकटीच्या मनात.

शाळेत आता पहिली ते पाचवी मिळून आठ-नऊ लेकरं उरली होती, मॅडम एकच. त्या परतूरला मीटिंगला गेल्या की शाळेला सुट्टी. तिसरीच्या वर्गात तर एकच पोरगी होती, दुर्गाबाईची नात छकुली. एकदा दुपारी दुर्गाबाई शेतातून परत येताना शाळेपाशी थबकली. मॅडम पहिलीच्या पोरांना घेऊन आत बसल्या होत्या. छकुली मैदानात लंगडी खेळत होती. लंगडीत एकजण लंगडी घालतो आणि बाकीचे पळतात. इथं पळणारं कुणी नव्हतं. पोरगी एका पायावर मैदानभर फिरत होती आणि मधूनच हात लांबवून कुणाला तरी बाद करत होती.

दुर्गाबाई तिथून गुपचूप निघून आली. घरी कुणाला काही बोलली नाही.

सून मनीषा बारावी झालेली. तिनं एकदा भाकरी थापता थापता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आत्या, वाटूरला तिसरीत तीसेक पोरं हायत म्हनं."

"मंग?"

"काही न्हाई. ऐकलं म्हनून सांगितलं."

तो विषय तिथंच मिटला. सासू आंदोलनाची पुढारी, सुनेनं काय बोलावं? आणि फोटोतल्या बाईनं तरी काय बोलावं? शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष राधेश्याम, चाळिशीतला दणकट गडी, दर सभेत तिला पुढं बसवायचा आणि म्हणायचा, "मावशी हायत तवर कुनाची टाप न्हाई!" लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या ऐकताना दुर्गाबाईला अलीकडं कसंनुसं होई. पण खाली मान घालून बसलं की लोकांना तो साधेपणा वाटे.

अशात उन्हाळ्याच्या तोंडावर जालन्याहून तृप्ती नावाची एक तरुण मुलगी आली. शाळांच्या प्रश्नावर लोकांना काय वाटतं ते समजून घ्यायचं काम एका अभ्यास संस्थेनं घेतलं होतं. परतूर आणि मंठा भागातल्या वाड्या-गावांच्या मतदार यादीतून चिठ्ठी काढावी तशी कॉम्प्युटरनं नावं काढली होती. त्यात दुर्गाबाईचं नाव निघालं.

"मी काढलं न्हाई हं आजी, आपोआप आलं," तृप्ती म्हणाली. "मी एकेक वाक्य वाचते. तुम्ही शून्य ते दहामध्ये सांगा. शून्य म्हणजे बिलकुल नको, दहा म्हणजे पाहिजेच. आणि सांगता येत नसेल तर तसं सांगा. तेही उत्तरच हाय."

ओट्यावर तोवर सात-आठ माणसं जमली होती. राधेश्याम खांबाला टेकून उभा होता. तृप्तीनं वाचलं, "लहान वाड्यांतल्या शाळा मोठ्या शाळेत मिळवाव्यात."

"शून्य!" दुर्गाबाई बोलायच्या आत राधेश्यामच बोलला.

"दादा, त्यांना बोलू द्या."

"शून्य," दुर्गाबाई म्हणाली. सगळ्या वाक्यांना तिनं असंच टोकाचं उत्तर दिलं. लोक समोर असताना मधला आकडा तोंडातून निघत नव्हता.

तृप्तीनं मग पुढची रीत समजावून सांगितली. सर्व्हे करणारे नेहमी एकदाच विचारतात आणि जातात. माणसाला त्या प्रश्नाची माहिती असो वा नसो, जे तोंडात येईल तेच त्याचं मत धरतात. यांचं तसं नव्हतं. आत्ता घेतलं ते पहिलं उत्तर. पुढच्या महिन्यात नाव निघालेल्या सगळ्यांना दोन दिवस परतूरला बोलवायचं, दोन्ही बाजूंची माहिती द्यायची, आपापसात बोलू द्यायचं, जाणकारांना प्रश्न विचारू द्यायचे, आणि शेवटी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे.

"तेच पुन्हा कामून?" दुर्गाबाईनं विचारलं.

"सगळं ऐकल्यावर माणसाला काय वाटतं ते बघायला."

राधेश्याम खूश झाला. "मावशी, जावाच तुम्ही. दनका द्या तिथं."

परतूरला स्टेशनच्या बाजूला एका मंगल कार्यालयात दोन दिवसांची सोय होती. जीप वाटूर फाट्यावरून माणसं उचलत गेली. हॉलमध्ये नाना तऱ्हेची माणसं होती. धोतरवाले, जीनवाले, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, एक शिंपी, एक किराणा दुकानदार. पुन्हा चिठ्ठ्या काढून बारा-पंधरा जणांचे गट केले. एका गावाची माणसं शक्यतो एका गटात येऊ दिली नाहीत. दुर्गाबाईच्या गटात खोरवाडीचं कुणीच नव्हतं. तिला आधी चुकल्यासारखं झालं. सतरंजीवर बसल्यावर जरा वेळानं ध्यानात आलं, इथं आपल्याला फोटोवरून कुणीच ओळखलेलं नाही.

गट सांभाळायला तृप्तीच होती. तिनं सुरुवातीलाच सांगितलं, "मी माझं मत सांगणार न्हाई. हात वर करून मतं घ्यायची न्हाईत. एकमेकांना पटवायचंच असंही न्हाई. फक्त एकजण बोलताना बाकीच्यांनी ऐकायचं. आणि इथं कोण काय बोललं ते आपण बाहेर नावासकट सांगायचं न्हाई."

मग तिनं पुस्तिका मोठ्यानं वाचली. वाडीची शाळा मोठ्या शाळेत मिळवल्यानं काय चांगलं होईल असं एक बाजू म्हणते, काय बिघडेल असं दुसरी बाजू म्हणते. दुर्गाबाई दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. पहिली बाजू वाचताना तिनं पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

वाचून झाल्यावर पहिला बोलला धम्मपाल, मंठा रोडकडच्या एका वस्तीतला गवंडी. त्यांची शाळा मागंच मोठ्या शाळेत मिळवली होती.

"पहिलं वरीस लई बेकार गेलं," तो म्हणाला. "ऑटो येतो म्हनले, आला न्हाई. पावसात पोरगी दोन महिने घरी. आम्ही चकरा मारल्या, भांडलो, तवा गाडी लागली. आता जाती बराबर."

दुर्गाबाई एकदम उसळली. "तुमची गेली म्हनून आमची बी जाऊ द्यायची का? पोरगी दोन महिने घरी बसवली आन् वरून शाळेचं कौतिक सांगून राह्यले!"

धम्मपालला राग आला नाही. तो तळहातावरचे घट्टे चोळत बसला.

"कौतिक न्हाई सांगत, अक्का. आमच्या वस्तीतली शाळा कुलूप घालून पडलीय. तिथून जाताना मला वाईटच वाटतं. आन् पोरगी तिकडं रमली, त्याचं बरं बी वाटतं. दोनी खरं हाय. आता तुमीच सांगा, मी कोनत्या बाजूचा?"

असं दोन्हीकडून बोलता येतं, हेच दुर्गाबाईला नवीन होतं. वर्षभर तिनं जे ऐकलं ते एक तर आपलं, नाही तर त्यांचं.

चर्चा पुढं गेली. दुकानदार म्हणाला, शाळा उठली की वाडीच उठती. कडेवर लेकरू असलेली बाई म्हणाली, माझं पहिलीतलं पोर गाडीत चढताना पडलं तर कोण बघणार? दुर्गाबाई ऐकत राहिली. जेवायच्या सुट्टीत ताट घेऊन ती धम्मपालच्या शेजारी जाऊन बसली. वरणात भाकरी कुस्करत, त्याच्याकडं न बघता तिनं विचारलं, "पोरगी बोलती का तिथं?"

"आं?"

"म्हंजी, बाकीच्या पोरीत बोलती का? का गपच बसती?"

धम्मपालला हसू आलं. "पयले बिलकुल बोलत नव्हती. आता घरी आल्यावर तोंडाला दम न्हाई तिच्या."

दुर्गाबाई तोच घास चावत राहिली. वाढप्यानं भात विचारला, तेही तिला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाणकार आले. एक बाई शाळा मोठ्या शाळेत मिळवाव्यात म्हणणाऱ्या, एक गृहस्थ मिळवू नयेत म्हणणारे, आणि शिक्षणाकडचे एक अधिकारी. प्रत्येक गटानं प्रश्न ठरवून आणायचे होते. दुर्गाबाईच्या गटाचे दोन प्रश्न ठरले. गाडी आली नाही तर जबाबदार कोण, हा कडेवर लेकरू असलेल्या बाईचा. दुसरा दुर्गाबाईचा. तो कागदावर घ्यायचं ठरल्यावर ती घाबरली, पण तृप्ती म्हणाली, "आजी, तुम्हीच विचारा."

माईक तिनं दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "जे लेकरू वर्गात एकलंच हाय, त्याला शाळा दाराशी असून काय मिळतं? तेवढं सांगा."

शाळा मिळवू नयेत म्हणणाऱ्या गृहस्थांनी चष्मा काढला. "खरं सांगायचं तर कमी मिळतं," ते म्हणाले. "हा आमच्या बाजूचा कच्चा दुवा हाय. माझं म्हणणं लहान्यांपुरतं जास्त पक्कं हाय. पहिली-दुसरीचं लेकरू लांब धाडलं की काही लेकरं गळतातच, आन् आधी पोरी गळतात."

मग शाळा मिळवाव्यात म्हणणाऱ्या जाणकार बाईही म्हणाल्या, "आणि गाडी रोज येणार नसेल तर माझं सगळं म्हणणं पडतं. तेवढं मी कबूल करते."

गाडीच्या जबाबदारीचा प्रश्न अधिकाऱ्यांकडं गेला. ते म्हणाले, याचा पक्का नियम आज नाही, तो करावा लागेल. मागच्या बाजूनं कुणीतरी, "मंग आधी ते करा!" असं ओरडलं आणि सगळा हॉल हसला, अधिकारीही हसले.

दुर्गाबाई खाली बसली. इतके दिवस छातीवर कुणी बसलं होतं ते उठून गेल्यासारखं वाटत होतं. तिची शंका म्हणजे फितुरी नव्हती. शहाणीसुरती माणसं तिला उत्तर द्यायला चष्मा काढत होती.

संध्याकाळी पुन्हा तेच प्रश्न. ज्यांना वाचता येत नाही त्यांना एकेक करून कोपऱ्यात बसवून वाचून दाखवत होते. बाजूला कुणी नाही. तिनं या खेपेला घाई केली नाही. पहिली-दुसरी वाडीतच राहावी, याला दहा. तिसरीपासून पुढची पोरं मोठ्या शाळेत जावीत, याला ती थांबली.

"गाडी असली तर, का नसली तर?"

"तो पुढचा प्रश्न हाय, आजी. दोन्ही वेगळे विचारलेत."

"असं का," ती म्हणाली. "मंग गाडी असली तर आठ. नसली तर शून्य."

आणि एका प्रश्नाला, शाळा गेल्यानं वाडी उठेल का याला, ती म्हणाली, "न्हाई सांगता येत." हे उत्तर देताना तिला सगळ्यात मोकळं वाटलं.

जीपमधून उतरली तर फाट्यावर राधेश्याम मोटारसायकल घेऊन हजर. "दिला का दनका?"

"जेवन चांगलं व्हतं," दुर्गाबाई म्हणाली आणि मागं बसली. वाडीपर्यंत दोघंही बोलले नाहीत. तिला वाटलं, याला संशय आला. मोकळेपण परतूरलाच राहिलं आणि भीती तेवढी घरी आली, असे पुढचे काही आठवडे गेले.

निकाल वाटूरच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात वाचून दाखवला. खोरवाडीतून बरीच माणसं गेली. दुर्गाबाई मनीषाला घेऊन मागं बसली. तृप्तीनं भिंतीवरच्या तक्त्यात उत्तरांच्या लांब-आखूड पट्ट्या दाखवल्या. पहिल्या खेपेला बहुतेक लोक सरसकट विरोधात होते. दुसऱ्या खेपेला लहान्यांच्या शाळा वाडीतच ठेवाव्यात असं म्हणणारे आणखी वाढले होते, आणि मोठ्या मुलांनी, गाडी आणि सोबतीला बाई असेल तरच, मोठ्या शाळेत जावं असं म्हणणारे निम्म्याहून कितीतरी जास्त झाले होते. गाडीशिवाय कुणालाच नको होतं.

"म्हंजी लोक बदलले?" खोरवाडीतला एकजण उठून म्हणाला. "आपल्यातलं कोन फुटलं?"

"नावं आम्ही सांगत नाही," तृप्ती म्हणाली.

गप्प बसलं असतं तर चाललं असतं. कुणाला कळायचा मार्गच नव्हता. पण फुटलं हा शब्द दुर्गाबाईच्या कानात राहिला. धम्मपाल काही फुटलेला माणूस नव्हता. ती उभी राहिली.

"मी बदलले," ती म्हणाली. "लहान्यांची शाळा हलवली तर मी पुन्हा आडवी पडंन. पन माझी नात वर्गात एकली हाय. ते मला बघवत न्हाई. कवाचंच बघवत न्हाई."

मनीषानं झटकन सासूचा हात धरला. तेवढ्या लोकांत, इतक्या जोरात, की बांगडी रुतली.

सगळ्यांच्या माना राधेश्यामकडं वळल्या. तो उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली. आणि तो बाहेर निघून गेला. दुर्गाबाईला वाटलं, संपलं, आता वाडीत राहणं कठीण. पण सभा सुटल्यावर तो फाटकापाशी उभा होता. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट उपास सुटल्यासारखा दिसत होता.

"मावशी, हे आधी न्हाई का बोलायचं?"

"तुला भिऊन बोलले न्हाई."

"मला?" राधेश्याम थक्क झाला. "आन् मी तुम्हाला भिऊन राह्यलो व्हतो! माझा पोरगा चौथीत. मी गुपचूप वाटूरला जाऊन शाळा बघून आल्तो. वर्ग बघितले, मैदान बघितलं. पन तुमचा फोटो सगळीकडं. म्हनलं, बाईनं स्वतःला कोंडून घेतलं आन् मी पोराचं नाव शाळेतून काढायला कसं जाऊ?"

मग दुर्गाबाईला हसू आलं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं आणि ती फाटकाला धरून खालीच बसली. राधेश्यामही हसत सुटला. वर्षभर दोघांनी एकमेकांच्या धाकानं घोषणा दिल्या होत्या.

सगळंच गोड झालं असं नाही. शाळेत खिचडी शिजवणारी बेबीनंदा दुर्गाबाईशी बोलेनाशी झाली. लेकरं कमी झाली तर काम राहील का, हा तिचा घोर होता आणि तो खोटा नव्हता. दुर्गाबाई तिच्या दारी दोनदा गेली. एकदा बेबीनंदा आतून आलीच नाही. दुसऱ्यांदा आली आणि म्हणाली, "तुमचं झालं मनासारखं." दुर्गाबाईनं ऐकून घेतलं. पुढं तो निकाल पाहून पहिली-दुसरी वाडीतच आणि तिसरीपासून पुढं वाटूरला, असं साहेबांकडून ठरून आलं तेव्हा चूल चालूच राहणार हे कळलं, आणि मग बेबीनंदानं निरोप धाडला, राग गेला नाही पण घरी या.

जूनमध्ये गाडी लागली. पहिले दोन दिवस आली नाही, तेव्हा दुर्गाबाई, राधेश्याम आणि वाडीतली डझनभर माणसं वाटूरला जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी आली आणि मग येत राहिली. सोबतीला बाई होती.

पहिला आठवडा छकुली घरी आल्यावर गप्प असायची. आपण लेकराला उगाच लोटलं का, असं दुर्गाबाईला वाटायचं. मनीषा म्हणायची, "आत्या, थोडी कळ काढा." मग एका संध्याकाळी गाडी थांबली आणि छकुली पाय आपटत, नाकपुड्या फुगवून आली. दप्तर ओसरीवर भिरकावलं.

"मी त्या साक्षीशी कधीच बोलनार न्हाई!"

"कोन साक्षी?" मनीषानं विचारलं.

"माझ्या बाकावरची. मी खोखोत तिला खो दिला आन् ती उठलीच न्हाई. वर मलाच म्हनली, तू जल्दी दिला. मी बराबर दिला व्हता! मंग मी तिला म्हनले..."

छकुली सांगत सुटली. कोण काय म्हणालं, कोण कुणाच्या बाजूनं गेलं, बाईंनी कुणाला उभं केलं, उद्या डबा कुणासोबत खायचा नाही. श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. मनीषानं तोंडावर पदर धरला होता. दुर्गाबाई हातातलं सूप बाजूला ठेवून ओसरीच्या कडेला नातीजवळ सरकली.

"थांब, थांब," ती म्हणाली. "मला पयल्यापासून सांग. खो कोनी दिला?"